समजा पेटलं

“समजा पेटलं,” असं म्हणून वणकुद्रे सरांनी खिशातून लायटर काढला आणि काथ्याच्या गोळ्याला लावला.

भक्कन जाळ झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विश्वजीतने तर शिट्टीच मारली. तो ट्रूप लीडर होता, शिट्टी कायम त्याच्या गळ्यात असायची आणि ती वाजवायला त्याला कुठलंही कारण पुरायचं.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी त्या काडीकडे बघत होते. लायटर निघायच्या आधी सर बराच वेळ ती काडी दोन तळहातांत धरून फळीच्या खळग्यात घुसळत होते, ताकात रवी फिरवावी तशी. शेवटी शेवटी खळग्यातून धुराची एक बारीक रेघ वर आली होती. खरीखुरी. आणि नेमके तेव्हाच सर घाम पुसायला थांबले. रेघ विरली. मग लायटर आला.

ही आठवीतली गोष्ट. आता मी अकरावीत आहे, कोल्हापूरला शिकते आणि फारशी कुणाला घाबरत नाही. तेव्हा घाबरायचे. तोंड मात्र आधीपासूनच असं होतं.

वणकुद्रे सर आमचे पी.टी.चे शिक्षक आणि स्काउटचे प्रमुख. त्यांच्या पँटला इतके खिसे होते की पेन सापडेपर्यंत तास संपायचा. एका खिशात होकायंत्र असायचं, त्याचा काटा उत्तरेपेक्षा स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटाला जास्त मानायचा. आणि सरांचा लाडका शब्द होता ‘समजा’. समजा ही नदी आहे, असं म्हणून ते मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारायचे आणि आम्ही दोराला धरून चुना ओलांडायचो. समजा विश्वजीतला साप चावला. मग विश्वजीत जीभ बाहेर काढून पडायचा, आणि एवढंच काय ते त्याला मनापासून जमायचं. एकंदर आमच्या शाळेतलं सगळं साहस समजा होतं.

त्या दिवशी जाळ विझल्यावर सरांनी शेडमधल्या फळ्यावर दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिराची वाटणी लिहिली. पारगडच्या पायथ्याला तीन मुक्काम. डावीकडे साहस गट : जाळ काढणे, तंबू ठोकणे, वाट शोधणे, दोर लावून चढणे. खाली सगळ्या मुलांची नावं. उजवीकडे भोजन गट. खाली सगळ्या मुलींची नावं. भोजन गटाचं काम लिहिलंच नव्हतं. ते काय लिहायचं असतं होय!

“सर,” मी उभी राहिले. “आम्ही जेवण समजा करायचं की खरं?”

“खरं. सगळ्या शिबिराचं.”

“म्हणजे मुलांचं साहस समजा आणि आमचं जेवण खरं? हे कसं काय?”

शेड हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खडू एका खिशात टाकला, मग तो दुसऱ्या खिशात हवा होता असं वाटून बाहेर काढला.

“कृत्तिका, जिभेला जेवढी धार आहे ना, तेवढा जोर हातात पाहिजे. ही काडी फिरवायला खांदे लागतात.”

“पोळ्या लाटायचे हात ते, सर,” विश्वजीत म्हणाला.

“मी पेटवलं तर?”

“तू?”

“लायटर न लावता पेटवलं तर?”

सरांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी तेव्हा तुरीच्या काडीएवढी होते, हे मान्य. “तर सगळ्या मुली साहस गटात,” ते म्हणाले. “जा. समजा शब्द दिला.”

मला एवढा आनंद झाला की त्या वाक्यातला पहिला शब्द मी ऐकलाच नाही.

*

दिलशाद मुल्ला आमच्या गिरणीच्या शेजारी राहायची. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला खाली बसावंसं वाटायचं. भोजन गटात तिचं नाव माझ्या नावाखाली होतं. शाळेतून येताना वाटभर ती गप्प होती. गिरणीच्या पायरीशी आल्यावर म्हणाली, “मला भात सोडून काही येत नाही. आणि तोही आमच्या घरात कुणी खात नाही.”

एवढ्यावर ती माझ्या बाजूने आली.

तिच्या भावाच्या मोबाइलवर आम्ही व्हिडिओ बघितले. त्यात एक दाढीवाला माणूस जंगलात बसून सहज जाळ काढायचा, पण तो ज्या झाडाचं नाव घ्यायचा ते झाड आमच्या तालुक्यात उगवतच नव्हतं. मग आम्ही जे सापडेल ते घुसळायला घेतलं. बाभळीची फळी घेतली. ती इतकी कठीण की काडीच झिजून पेन्सिल झाली. बांबू घेतला. तो कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटला. एरंडाची काडी मधोमध पिचकली. असं करत करत ओढ्याकाठच्या निर्गुडीची वाळलेली सरळ काडी आणि कुंपणातल्या पांगाऱ्याची मेलेली फांदी इथपर्यंत आलो. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की टोस्टसारखं हलकं होतं, नख दाबलं तर खूण उमटते. त्याची फळी तासली आणि आईच्या गिरणीच्या पत्र्यावर उन्हात टाकली.

गिरणी आईची. बाबा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. मोटारीच्या आवाजात आईला ओरडूनच बोलावं लागतं, आणि सवय झाल्यामुळे मोटार बंद असली तरी ती ओरडूनच बोलते.

“काय चाललंय गं दोघींचं मागं?” पापण्यांवर पीठ घेऊन ती परसात आली.

“हातानं जाळ काढतोय, आई!”

“का? गॅस संपला व्हय?”

“काकी, साहस आहे हे,” दिलशाद म्हणाली.

“मग दळणाचे डबे उचला दोघी. त्यात लई साहस आहे,” असं म्हणून आई आत गेली.

जाळ काही निघेना. तळहातांना आधी लाली आली, मग फोड आले, मग फोडांवर फोड. काडी फिरवता फिरवता हात आपोआप खाली घसरतात. ते परत वर नेईपर्यंत खळगा थंड होतो. फळीला खळगा पडला होता, पण आतून काळा आणि चकचकीत, बाटलीच्या बुडासारखा. काडी त्यात भिंगरीसारखी मजेत फिरायची, काहीही न करता. थोडक्यात, विश्वजीतसारखी.

त्याच आठवड्यात गिरणी बंद होती. दगडाला टाकी लावायला माणूस आला होता. गिरणीचा दगड फिरून फिरून गुळगुळीत झाला की नुसता तापतो, पीठ पाडत नाही. मग त्याला छिन्नीने पुन्हा खरबरीत करावं लागतं. हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी पायरीवर बसून टक् टक् ऐकताना मी एकदम उठले आणि परसात पळाले.

“दिलशाद, आपला दगड गुळगुळीत झालाय!”

“कुठला दगड?”

मी खिळ्याने खळगा खरवडला. चिमूटभर बारीक वाळू टाकली. आणि दुसरी गोष्ट : दळलेलं पीठ पडायला गिरणीला खाली तोंड असतं. आमच्या फळीला तोंडच नव्हतं. मी खळग्यापासून फळीच्या कडेपर्यंत एक खाच कापली, तिच्याखाली पिंपळाचं सुकं पान सरकवलं.

मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो. माझे हात काडीच्या बुडाला पोचले की दिलशादने वरून धरायचं, तिचे पोचले की मी. काडीला थांबूच द्यायचं नाही. खाचेतून तपकिरी भुकटी पडली, मग ती काळी झाली, कॉफीसारखी. धूर आला.

“आला!” मी ओरडले.

“आला तर येऊ दे. तू फिरव.”

सर इथेच थांबले होते, घाम पुसायला. आम्ही थांबलो नाही. दिलशादच्या कपाळावरून घाम नाकावर आणि नाकावरून हनुवटीवर आला, तिने तो तिथेच राहू दिला. खांदे पेटले, मनगटं पेटली, लाकूड सोडून सगळं पेटलं. मग दोघींचेही हात एकदमच गळाले आणि आम्ही मागे पडलो.

आम्ही थांबलो होतो, पण धूर थांबला नव्हता.

पानावरच्या काळ्या भुकटीतून तो आपला आपण वर येत होता. मी पान उचलून काथ्याच्या घरट्यात उलटं केलं, हळू फुंकर घातली. लाल ठिपका. अजून फुंकर. ठिपका मोठा. मग फुप् असा आवाज झाला आणि दिलशादची एक बट गेली.

आई बादली घेऊन धावत आली. “अगं भवान्यांनो, आत पीठ साठलंय, गिरणीसकट मला जाळताय का!” मग ती थबकली. जाळाकडे बघितलं, आमच्या हातांकडे बघितलं.

“काडीपेटी?”

“नाही.”

“रॉकेल?”

“नाही गं!”

आईने बादली खाली ठेवली. “मग बघत काय बसलाय? बंबात टाका. पाणी तरी तापू दे. पेटलेलं वाया घालवू नये.”

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी त्याच बंबाच्या पाण्याने हात धुतले. किती झोंबलं!

*

मी धावत जाऊन सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, समजा पेटलं असेल. शिवाय दसरा जवळ आला होता. आमच्या गावात दसऱ्याला सगळे सोनं लुटायला माळावर जमतात. तिथे यंदा स्काउटचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं : लाठी, मनोरा आणि शेवटी विश्वजीतच्या हस्ते अग्निप्रज्वलन. हस्ते म्हणजे खरोखरच हस्ते. मला हवं होतं ते तिथेच, सगळ्या गावासमोर.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. आई हळदीकुंकवाची वाटी घेऊन मोटारीला, काट्याला, पान्याला बोटं लावत फिरत होती. फिरत फिरत माझ्या फळीपाशी आली.

“आई, नको! ओली होईल!”

“ओरडतीस कशाला? दगडाला मी कधी तेल-पाणी लावते का? मला शिकीव!” तिने खळग्यापासून लांब, अगदी टोकाला कोरडी चिमूट टेकवली. फळीला हात जोडले, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हात पुढं कर.” माझ्या दोन्ही तळहातांनाही तिने कुंकू लावलं, फोड चुकवून.

दुपारी शाळेत पूजा होती. सरांनी स्काउटची सगळी आयुधं सतरंजीवर मांडली होती. लाठ्या, दोर, कुऱ्हाड, तंबूच्या मेखा आणि मधोमध काडी-फळीचा त्यांचा सेट. तो त्यांनी मोबाइलवरून मागवला होता, त्याला चामड्याची पिशवीसुद्धा होती. मुलं लाठ्यांना खोबरेल चोळत होती. लाठीला तेल लावतातच, त्याने ती तडकत नाही. पण विश्वजीतचा हात सुटला तो सुटलाच. लाठ्या झाल्या, कुऱ्हाडीचा दांडा झाला, मग त्याने फळी उचलली. आधी पाण्याने धुतली. मग वाटीत बोटं बुडवून असं चोळून चोळून तेल जिरवलं तिच्यात, बाळाला मालिश करावं तसं. खळग्यात तर थेंब साठला.

“सर,” मी म्हणाले, “फळीला तेल—”

“चमकलं पाहिजे. फोटो काढायचाय.”

“पण सर, तेलानं ती—”

“भोजन गटानं प्रसादाकडे बघावं.”

मी प्रसादाकडे बघितलं. दिलशादनेही बघितलं. साखरफुटाणे होते. आम्ही मूठमूठभर घेतले आणि फळी फोटोत कशी झकास चमकते ते बघत उभ्या राहिलो. एखाद्याला सांगायला जावं आणि त्याने आपल्याला फुटाण्यांकडे पाठवावं, तर मग फुटाणे खावेत.

*

दसऱ्याला ऊन उतरल्यावर सगळा गाव माळावर होता. आपट्याची पानं देऊन घेऊन झाली होती. पहिल्या रांगेत खुर्चीवर इंगवले आबा बसले होते, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, दर वर्षीचे प्रमुख पाहुणे. वयामुळे ते कमी बोलायचे आणि मिश्यांमुळे तेवढं पुरायचं.

सरांनी माईक घेतला. “गावकरी मंडळी, आज आपण माणसाचं पहिलं साहस बघणार आहोत! ना काडीपेटी, ना लायटर! आणि आजचा पाहुण्यांचा चहा होणार आहे याच आदिम अग्नीवर!”

टाळ्या. तीन दगडांची चूल मांडलेली होती. विश्वजीत गुडघ्यावर बसला, काडी खळग्यात उभी केली आणि फिरवायला लागला.

चुईं. चुईं. चुईं.

मी आयुष्यात इतकं गोड संगीत ऐकलेलं नाही. काडी तेलात अशी घसरत होती की विश्वजीतला जोर लावावाच लागत नव्हता. त्याला वाटलं, जमतंय. त्याने वेग वाढवला. चुईंचुईंचुईं. धुराचं नाव नाही. लोक आधी गप्प बसले, मग खोकले, मग पोरं तो आवाज काढायला लागली.

सर माईकवर म्हणाले, “तर मंडळी, समजा पेटलं,” आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. चुकीच्या खिशाकडे. दुसऱ्या खिशाकडे जाईपर्यंत मी पुढे आले होते.

“सर, मी करू?”

“अगं, तू कुठे—”

“शब्द दिलाय तुम्ही.”

“करू दे की,” आबा म्हणाले. “बसलोच आहोत.”

मी माझी फळी मांडली. तिच्या टोकाला कालचं कुंकू होतं. दिलशाद समोर बसली. मी तळहातांवर थुंकले, आणि कुणीतरी मागून ‘ईऽ’ केलं. करू दे! ओल्या तळहाताला काडी नीट धरवते. मी सुरू केलं, हात खाली आले, तिने घेतलं, तिचे आले, मी घेतलं. उजव्या हातावरचा जुना फोड फुटला. माळावर वारा होता आणि तो धूर पळवत होता, म्हणून मी धुराकडे बघितलंच नाही, भुकटीकडे बघत राहिले. तपकिरी. काळी. अजून काळी. दिलशाद म्हणाली, “बस.” मी पान उचललं, घरट्यात घातलं, वाऱ्याकडे पाठ केली, फुंकलं.

फुप्.

माळ उठून उभा राहिला. खरंच! आमच्या मुली तर अशा किंचाळल्या की माईकही शिट्टी मारायला लागला. मी तो जाळ तीन दगडांत ठेवला, दिलशादने वर काटक्या रचल्या. आबांनी मिश्यांवरून हात फिरवला. गर्दीत आई शेजारणीला ओरडून सांगत होती, “माझ्या बंबात रोज पेटवत हुत्या!”

“वा वा वा!” सर माईकवर म्हणाले. “आमच्या शाळेची मेहनत फळाला आली! चला, भोजन गट, पातेलं ठेवा. पाहुणे खोळंबलेत.”

मला वाटलं, ते घाईत चुकले. मी जवळ गेले. “सर, भोजन गट नाही ना आता? आम्ही साहस गटात.”

सरांनी माईक खाली धरला. “अगं, ते मी समजा म्हणालो होतो. खेळीमेळीत. साहसातलं तुला दाखवायला मिळालं ना? छान केलंस. आता आधी चहा.”

माझ्या हातात पातेलं होतं. पाण्याने भरलेलं. ते कुणी दिलं, कधी दिलं, मला आठवत नाही. आपल्याला कळायच्या आत ते हातात आलेलं असतं, तीच त्यातली कमाल आहे.

जाळ छान धरला होता. काटक्या तडतडत होत्या.

मी पातेलं चुलीवर ठेवलं नाही. चुलीत ओतलं.

चर्रर्र! वाफेचा मोठा लोट आला, त्यात सर काही क्षण दिसेनासे झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते खऱ्या धुरात उभे होते. मी आईकडे बघितलं. पेटलेलं वाया घालवू नये म्हणणारी आई. ती टाचा उंचावून चुलीत काय राहिलंय ते बघत होती.

“नीट विझली का बघ गं!” ती ओरडली. “खाली धग ऱ्हाती!”

मी पायाने दगड सारून बघितलं. नीट विझली होती.

“हे काय केलंस तू?” सर धुरातून बाहेर आले.

“विझवलं. आता तुम्ही पेटवा, सर. आम्हाला तुम्हीच तर शिकवलंय.”

पानपट्टीवाल्या बाळूने काडीपेटी पुढे केली. सरांचा हात तिच्याकडे गेलाही होता.

“काडी नको,” आबा म्हणाले. “मास्तर, तुम्ही माईकवर सांगितलंय, आदिम अग्नीवरचा चहा. तोच प्यायचा. मी थांबतो, मला घाई नाही.” त्यांनी पायावर पाय टाकला. ते बसले म्हणून सगळा गावही बसला.

सर गुडघ्यांवर आले. त्यांच्या खिशांतलं सगळं एकमेकांवर खुळखुळलं. मी माझी फळी उचलून काखेत घेतली होती, त्यामुळे त्यांच्यासमोर त्यांची ती चकचकीत, फोटोतली फळी राहिली.

चुईं. चुईं.

दिलशाद त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि फार मायेने म्हणाली, “सर, धूर आला की थांबायचं नाही हं.”

“अगं पण धूर आलाच नाहीये!”

“समजा आला.”

पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हसू कसं गेलं म्हणून सांगू! विश्वजीतला शिट्टी वाजवायचं सुचलं नाही. सरांनी अजून थोडा वेळ काडी फिरवली, मग घाम पुसायला थांबले. मग परत सुरूच केलं नाही. ते माझ्याजवळ आले, अगदी हळू आवाजात म्हणाले, “कृत्तिका, झालं गेलं. दे बरं पेटवून.”

“मला कसं चालेल, सर? जाळ काढणं साहस गटाचं काम. तुम्हीच फळ्यावर लिहिलंय.”

“बरं बाई, तू साहस गटात.”

“एकटी?”

“दिलशाद पण.”

मी फळी दुसऱ्या काखेत घेतली.

“सगळ्या,” सर म्हणाले. “सगळ्या मुली.”

“माईकवर, सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आबांकडे. आबा मिश्यांना पीळ देत होते आणि त्यांना खरंच घाई नव्हती. सर माईकपाशी गेले. घसा खाकरला.

“यंदाच्या शिबिरात,” ते म्हणाले, “सगळ्या मुली साहस गटात असतील.”

मी तशीच उभी राहिले. त्या वाक्यात एक शब्द यायचा बाकी आहे, असं मला वाटत होतं. मी वाट बघितली. सगळा माळ वाट बघत होता. तो आला नाही.

मग मी खाली बसले, फळी मांडली आणि तळहातांवर थुंकले. या वेळी कुणी ‘ईऽ’ केलं नाही.

“सर, पाणी लागेल,” मी म्हणाले. “मघाचं सांडलं.”

वणकुद्रे सरांनी रिकामं पातेलं उचललं आणि हापशाच्या दिशेने निघाले. मागोमाग विश्वजीत, हापसायला.

“आणि सर,” दिलशादने हाक मारली, “येताना आलं ठेचून आणा!”